पेन्सिल मुलीची, शाई काकांची

शनिवारी दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत अनुयाच्या तोंडी "मॅडम म्हणाल्या" हे दोन शब्द अकरा वेळा आले. चारुदत्त टिपणिसांनी ते मोजले. मोजायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं, पण तिसऱ्या वेळेपासून कान टवकारले गेले आणि मग मोजल्यावाचून राहवेना.

"मॅडम म्हणाल्या, अकरावीची पहिली चाचणी सगळ्यांनाच जड जाते, घाबरायचं नाही." "मॅडम म्हणाल्या, ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढून टाका." "मॅडम म्हणाल्या, तुझं गणित बघता..."

त्यापुढचं चारुदत्तांनी ऐकलंच नाही. तुझं गणित! पोरीचं गणित पाचवीपासून कोणी घेतलं? अपूर्णांकांवरून रडायला लागली तेव्हा भाकरीचे तुकडे करून कोणी समजावलं? आणि आता उरणहून एसटीनं येणारी कोणी एक बाई दहा मिनिटांत तिचं गणित बघते.

कॉलेजात त्या दिवशी अकरावीला येणाऱ्या नव्या मुलांसाठी सभा होती. कोणत्या शाखेत काय शिकवतात, कोणता विषय घेतला की पुढे कुठे जाता येतं, प्रयोगशाळेत एप्रन कधी घालायचा, सगळं म्हणे समजावून सांगितलं. सभा संपल्यावर प्राध्यापक विनिता कोळी नावाच्या बाई एकेका मुलाला समोर बसवून बोलल्या. या कामाला कॉलेजनं यंदा, म्हणजे ब्याण्णव सालापासून, एक खोली आणि एक पाटी दिली होती. पाटीवर लिहिलं होतं, विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष. चारुदत्त हेच काम सव्वीस वर्षं करत आले होते, लाईन आळीतल्या घरात, जेवणाच्या टेबलावर. त्यांना कोणी पाटी दिली नव्हती.

पाटीची गरजही कधी पडली नव्हती म्हणा. पनवेलच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून त्यांची नोकरी झाली, लग्न त्यांनी केलं नाही, आणि घरातला प्रत्येक अर्ज त्यांच्याच हातून गेला. धाकटा भाऊ अवधूत बँकेत लागला तो अर्ज त्यांचा. थोरले आप्पा गेल्यावर शशिकला वहिनींच्या पेन्शनचा अर्ज त्यांचा. आप्पांचा मुलगा इंद्रजीत अकरावीला गेला, बी.एस्सी.ला गेला, तळोज्याला रंगाच्या कंपनीत चिकटला, तिन्ही अर्जांवर अक्षर यांचंच. त्याची एक रीत ठरून गेली होती. फॉर्म आणला की पहिल्यांदा मुलानं पेन्सिलीनं भरायचा. मग रविवारी सगळ्यांनी जमायचं, फॉर्म देवापुढे ठेवायचा, जेवणं व्हायची, आणि मग काकांनी चष्मा पुसून एकेक रकाना तपासायचा. जिथे पटलं नाही तिथे मुलानं खोडरबर घेऊन आपल्याच हातानं पुसायचं आणि काकांनी निळ्या-काळ्या शाईनं पक्कं करायचं. पेन्सिल मुलांची, शाई काकांची, असं घरात म्हणतच.

मुलं पुसत आली होती. कोणी कुरकुर केल्याचं चारुदत्तांना आठवत नव्हतं.

रविवारी आशालतानं वालाचं बिरडं आणि पुऱ्या केल्या. आशालता म्हणजे अवधूतची बायको, अनुयाची आई. बिरडं दादांना आवडतं म्हणून फॉर्मच्या दिवशी तेच करायचं, हेही ठरलेलं. शशिकला वहिनी सकाळपासून डाळिंब्या सोलायला बसल्या होत्या. दोघी जावांचं एरवी फारसं गूळपीठ नव्हतं, पण आज आशालता साखर पेरल्यासारखी गोड बोलत होती, आणि त्याचं कारण वहिनींना कळत होतं. मुलीला शहाऐंशी टक्के पडले होते. शहाऐंशी टक्केवालीच्या आईला गोड बोलायला काय जातं?

इंद्रजीतची दुसरी पाळी होती. त्याला दोनला निघायचं होतं, म्हणून तो पहिल्या पंगतीलाच बसला होता. अठ्ठावीस वर्षांचा, कमी बोलणारा. पुरी तोडताना त्याच्या नखांच्या कडा गुलाबी दिसत. कंपनीतला रंग साबणानं जायचा नाही. त्याचे बनियन, रुमाल, उशीचे अभ्रे, सगळं हळूहळू गुलाबी होत चाललं होतं.

जेवणं उरकल्यावर टेबल पुसलं गेलं. अनुयानं देवापुढचा फॉर्म आणून काकांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं बिनचूक. सहाव्या रकान्यावर मात्र ते थांबले.

"जीवशास्त्र कुठे गेलं?"

"ते नाही राहत, काका. मी इलेक्ट्रॉनिक्स लिहिलंय ना. आपल्या कॉलेजात या वर्षीच सुरू होतंय. ते घेतलं की जीवशास्त्र आणि मराठी दोन्ही सुटतात. दोघांच्या जागी हा एकच, दोनशे मार्कांचा. मॅडम म्हणाल्या..."

"बारा," चारुदत्त म्हणाले.

"काय बारा?"

"काही नाही. पुढे बोल."

"मॅडम म्हणाल्या, तुझं गणित चांगलं आहे, हातानं काही उघडून बघायची हौस आहे, तर हे घे. त्यांनी मला विचारलं, तुला घरी काय करायला आवडतं? मी सांगितलं, मी आमची इस्त्री दुरुस्त केली."

"आणि फ्यूज उडवला," अवधूत म्हणाला. तो हसत होता.

"तो नंतर मीच घातला ना, बाबा!"

चारुदत्तांना हसू आलं नाही. गेली चार वर्षं ते अनुयाला डॉक्टर करत होते. टपाल नाक्यावरच्या औषधवाल्याला त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं, आणि दवाखाना कुठल्या गाळ्यात निघेल हेही दोघांनी मिळून बघितलं होतं. अनुयाला हे कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काय त्यात? पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना दवाखान्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांना टोचत होती ती इस्त्री. इस्त्रीचं त्या बाईला माहीत होतं. पोरगी आपल्याला आनंदानं सांगायच्या गोष्टी आता तिकडे सांगायला लागली होती.

"हे डॉक्टरकीचं दार बंद होतंय, कळतंय का?" ते म्हणाले.

"तिला रक्त बघवत नाही, दादा," आशालता म्हणाली. "परवा माझं बोट कापलं तर हीच खुर्चीत बसली. आणि मॅडमना शिकवायचा अनुभव आहे. उगीच नाही सांगणार."

"असतील बाई," शशिकला वहिनी दारातून म्हणाल्या. हात पदराला पुसत त्या तिथेच टेकल्या होत्या. "आमच्या वेळेला नव्हत्या कोणी मॅडम समोर बसवून विचारायला. भाऊजी म्हणतील ते गप गुमान लिहिलं माझ्या पोरानं. आता मुलींना विचारून विचारून विषय देतात. चांगलं आहे."

चांगलं आहे, हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की आशालतानं मान फिरवली. चारुदत्तांना मात्र वहिनींचा फार आधार वाटला.

अवधूतनं दोघींकडे पाहिलं आणि नेहमीसारखा भावाकडे वळला. बँकेत वीस वर्षं काढूनही घरातला निर्णय त्याला एकट्याला झेपत नसे. "दादा, एवढंच सांग. हे इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बारावी केली, तर पुढे इंजिनिअरिंगला चालतं ना?"

सगळे चारुदत्तांकडे बघायला लागले.

चारुदत्तांना ठाऊक नव्हतं. त्यांची शाळा दहावीपर्यंतची. त्यापुढचं ते ऐकून, वाचून, कोणाकोणाला गाठून मिळवत आलेले. निवृत्तीला तीन वर्षं झाली होती आणि गाठण्यासारखी माणसंही निवृत्त झाली होती. बाईंनी चालतं म्हणून सांगितलं असणार, नाहीतर पोरीनं लिहिलं नसतं. हे सगळं त्यांच्या लक्षात आलं आणि तरी त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"चालत नाही."

"म्हणजे?"

"इंजिनिअरिंगवाले ते धरत नाहीत. कागदावर सगळं छान असतं. बारावी झाली की मुलं दारात उभी राहतात आणि मग कळतं. तीन मुलांची वर्षं माझ्या डोळ्यांदेखत फुकट गेली, अवधूत. त्यातला एक आज कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात वजनकाट्यावर बसतो."

वजनकाट्यावरचा मुलगा त्यांना आपोआप सुचला. सुचल्यावर तो इतका खरा वाटला की त्यांना त्याची कीवही आली.

"पण मग मॅडम खोटं कशाला सांगतील?" अनुयाचा आवाज बारीक झाला होता.

"खोटं नाही गं, बाळ. नवा विषय आहे, तुकडी भरायला हवी. मुलं आली नाहीत तर विषय बंद, विषय बंद तर नोकरी बंद. तिचंही पोट आहे. तिच्या जागी मी असतो तरी हेच सांगितलं असतं."

हे ते इतक्या समजूतदारपणे म्हणाले की आशालतानं चटकन हात छातीशी नेला. "अगंबाई! बरं झालं आज विचारलं. नाहीतर उद्या हा फॉर्म तसाच गेला असता."

खिडकीत पेपर वाचत बसलेल्या इंद्रजीतनं मान वर केली. एकदा काकांकडे, एकदा अनुयाकडे बघितलं. "काका म्हणतात तसंच असेल," तो म्हणाला आणि पेपर घेऊन आत गेला.

संपलंच मग. अनुयानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. बापानं नजर चुकवली. तिनं कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि इलेक्ट्रॉनिक्स पुसलं. कागदावरचा चुरा तिनं फुंकरीनं उडवला नाही, तळहातानं गोळा करून खिडकीबाहेर टाकला. चारुदत्तांनी टोपण काढलं आणि त्यांच्या त्या प्रसिद्ध अक्षरात जीवशास्त्र लिहिलं, मराठी लिहिलं. खाली लाल अक्षरांत छापलं होतं की खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. त्यांच्या अर्जावर खाडाखोड कधी नसायचीच.

अनुया रडली नाही. "झालं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दोनला चारुदत्त इंद्रजीतबरोबर निघाले. कंपनीची बस एसटी स्टँडपाशी यायची आणि चारुदत्तांना दुपारचा तंबाखू आणायचा होता, असं ते म्हणाले. खरं म्हणजे घरात त्यांना बसवेना. पाऊस सकाळी पडून गेला होता, रस्त्यात डबकी होती आणि ऊन चटके देत होतं. टपाल नाक्यापर्यंत दोघं डबकी चुकवत चालले.

"तो वजनकाट्यावरचा मस्त होता," इंद्रजीत म्हणाला.

"कोण?"

"काका, आमच्याकडे यंत्रं सांभाळायला दोन साहेब आले आहेत गेल्या वर्षी. ठाण्याचे. दोघांनी हाच विषय घेऊन बारावी केली, मग इंजिनिअर झाले. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणतो."

चारुदत्तांचा पाय डबक्यात पडला. चप्पल काढून त्यांनी ती झटकली, पुन्हा घातली. तेवढा वेळ इंद्रजीत छत्री बगलेत धरून थांबला.

"मग तू तिथे बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो." इंद्रजीतनं जरा विचार केला. तो काही लपवायला बघत नव्हता, नीट सांगायला बघत होता. "काल संध्याकाळपासून ती घरभर नाचत होती ना, मला विचारलं, मला विचारलं म्हणून. माझ्या पोटात दुखायला लागलं, काका. खरंच दुखायला लागलं. एवढीशी पोर, आणि तिला तो हेवा... म्हणजे मला तिचा. आज तुम्ही म्हणालात चालत नाही, तेव्हा थंड वाटलं एकदम. म्हटलं, बरी जिरली. आणि गप्प बसलो."

"इंद्रजीत..."

"मी तुम्हाला दोष देत नाही. तुमचं काय होतं ते मला माहीत नाही. माझं हे होतं." बस वळणावर दिसली तसा तो पुढे झाला. "आपल्या दोघांचं छान जमलं आज. असं कधी जमलं नव्हतं."

तो चेष्टा करत नव्हता. दांडीला धरून तो वर चढला, त्याचा गुलाबी अंगठा क्षणभर दारात दिसला आणि बस तळोज्याकडे गेली.

चारुदत्त तंबाखू न घेता परत फिरले. आपल्याला हेवा वाटला हे त्यांना सकाळपासून कळत होतं, पण ते त्याला वेगवेगळी नावं देत होते. पोरीची काळजी, अनुभव, दूरदृष्टी. इंद्रजीतनं एकच नाव दिलं आणि ते बरोबर बसलं. त्याहून वाईट म्हणजे हा मुलगा असा नव्हता. लहानपणी तो अनुयाला खांद्यावर बसवून वडाळे तळ्यावर न्यायचा. कोणाचं चांगलं झालं की पोटात दुखायला लागावं असं त्याच्या आयुष्यात काय झालं होतं? बारा वर्षांपूर्वी एका रविवारी याच टेबलावर त्याचा फॉर्म होता. तळोज्याला रसायनांचे कारखाने येताहेत, रसायनशास्त्र धर, पोरा, जन्माची भाकरी मिळेल, असं आपण म्हणालो होतो. भाकरी मिळाली होती. लाज वाटून चारुदत्तांना मिरची गल्लीच्या तोंडाशी जरा थांबावं लागलं.

चहाच्या वेळी सगळे पुन्हा टेबलापाशी आले. अनुयाला आशालतानं हाक मारून बोलावलं, तेव्हा ती सुजलेल्या डोळ्यांनी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. म्हणजे रडली होती.

"मी दुपारी खोटं बोललो," चारुदत्त म्हणाले.

आशालताच्या हातात गाळणं तसंच राहिलं. "काय म्हणालात?"

"ती तीन मुलं नाहीत. काटेवाला नाही. तो विषय इंजिनिअरिंगला चालतो. इंद्रजीतच्या कंपनीत तो करून आलेले साहेब आहेत. मला स्वतःला काही माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली."

"दादा," अवधूत म्हणाला. मग उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो भावावर ओरडला. "उद्या शेवटचा दिवस आहे! तू शाईनं लिहून बसलायस! तू सांगतोस म्हणून मी एक शब्द विचारत नाही, आणि तू..."

"ओरड. बरोबर आहे तुझं."

"का पण?" हे अनुयानं विचारलं.

याचं उत्तर चारुदत्तांनी वाटेत तयार केलं होतं. ते लांबलचक होतं आणि त्यात निवृत्तीही होती. पोरीचे डोळे बघून त्यांनी ते सोडून दिलं. "मला हेवा वाटला."

"माझा?"

"तुझ्या मॅडमचा."

अनुयाला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच ती चिडली. "हेवा काय! माझा विषय गेला असता, काका. दोन वर्षं मी बेडूक कापत बसले असते. आणि तुम्ही मला पुसायला लावलंत. माझ्याच हातानं."

चारुदत्तांनी वहिनींकडे बघितलं. दुपारी त्यांचाच काय तो आधार होता. शशिकला वहिनी कपबशी हातात धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पार बदलला होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मग इंद्रजीतच्या वेळेला जे सांगितलंत, ते तरी माहीत होतं का?"

"ते मला खरंच वाटत होतं, वहिनी."

"वाटत होतं." वहिनींनी कप खाली ठेवला. त्यांनी आवाज चढवला नाही. "मी दुपारी तुमच्या बाजूनं बोलले. पोरीचं वाईट व्हावं म्हणून नाही हो. माझ्या मुलाला जे सांगितलं तेच बरोबर होतं असं मला कोणीतरी म्हणायला हवं होतं. रोज ते गुलाबी कपडे मी धुते." मग त्या जावेकडे वळल्या. "आशा, उद्या सकाळी लवकर पाठव हिला. नवा फॉर्म दहा वाजता खिडकीवर मिळतो म्हणतात. डबा मी करते."

आशालतानं मान हलवली. दोघी आत गेल्या आणि स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. चारुदत्तांना तिथे कोणी हाक मारली नाही.

सोमवारी सकाळी अवधूतनं पालकाची सही करायला रजा टाकली. चारुदत्त म्हणाले, "मी येऊ का?" अवधूतनं कागदांची पिशवी उचलली. अनुया चप्पल घालत म्हणाली, "यायचं तर या." एवढ्यावर ते निघाले.

खिडकीवर रांग जिन्यापर्यंत आली होती. मागे कोन गावाहून आलेला बळीराम नावाचा एक शेतकरी पोराला घेऊन उभा होता. चारुदत्तांचा पांढरा शर्ट आणि खिशातलं पेन बघून त्यानं विचारलं, "सायब, आमचा पोर कॉमर्सला जातो बोलतो. तुमी सांगा, पुडं काय हाय का त्यात? आमाला काय कलत नाय."

चारुदत्तांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला. "आत एक मॅडम बसतात," ते म्हणाले. "त्यांना विचारा. पोरालाच विचारू द्या."

नवा फॉर्म अनुयानं जिन्याच्या कठड्यावर ठेवून भरला. पेन्सिल तिनं काढलीच नाही. साध्या बॉलपेननं एका दमात सगळे रकाने भरले, बापाची सही घेतली, आणि विषयाच्या रकान्यावर शिक्का घ्यायला तिघं त्या पाटीच्या खोलीत गेले.

विनिता कोळी तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा, डब्याची पिशवी, पाण्याची बाटली. त्यांनी अनुयाला ओळखलं. "इस्त्री! ये. एवढा उशीर का गं? मला वाटलं विचार बदलला."

अनुयानं काकांकडे बघितलं नाही. अवधूतही छताकडे बघत राहिला. कोणी सांगणार नव्हतं, हे चारुदत्तांच्या लक्षात आलं. दोघांनी त्यांच्यावर तेवढी दया केली होती.

"मी बदलला होता," ते म्हणाले. "मी हिचा काका. हा विषय पुढे चालत नाही असं मी घरी सांगितलं. मला माहिती नव्हती."

बाई खोचक काही बोलल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "होतं असं. आम्हीच घरोघरी पोचवायला हवं. बसा ना काका." आणि शिक्का मारून त्यांनी वहीत अनुयाचं नाव लिहिलं. चाळीसातली सदतिसावी. चारुदत्तांनी वाकून बघितलं. बाईंचं अक्षर अगदीच गिचमिड होतं. त्यांना तेवढ्यापुरता फार आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचीही लाज वाटली. हेवा काही एका रविवारात जाणार नव्हता.

अनुया आणि अवधूत पैसे भरायला खिडकीकडे गेले. चारुदत्त उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"एक विचारायचं होतं. विद्यार्थी नाही. वय जास्त आहे, म्हणून विचारावं की नाही..."

"विचारा."

"माझा पुतण्या आहे. इंद्रजीत. बी.एस्सी. झालाय, केमिस्ट्री. तळोज्याला पाळीवर असतो. अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याला अजून काही शिकता येईल का? काही वेगळं? नोकरी सांभाळून?"

बाईंनी गठ्ठा बाजूला सरकवला आणि कोरा कागद ओढला. हे त्या पोरांसाठी करत तसंच त्यांनी केलं. "येईल की. बाहेरून करण्यासारखं बरंच असतं. त्यांना कशाची आवड आहे?"

चारुदत्तांनी सांगायला तोंड उघडलं. इंद्रजीतची जन्मतारीख त्यांना पाठ होती. दहावीचा बैठक क्रमांक, बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांचे मार्क, पगाराची श्रेणी, सगळं पाठ होतं. एका घरात अठ्ठावीस वर्षं गेली होती. ते उभ्या उभ्या आठवत राहिले. बाई पेन धरून थांबल्या होत्या.

"ते मला माहीत नाही," शेवटी चारुदत्त म्हणाले. "तो दोनला पाळीला निघतो. त्याआधी विचारून येतो."